तीन कॉर्ड आणि एक मंच : ऐंशीच्या दशकातील पंक खान्देशात का पोहोचले नाही?

१/
५ एप्रिल १९८०. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले अथेन्स हे छोटे विद्यापीठ-गाव. वापरातून गेलेल्या एका जुन्या चर्चमध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने चार तरुणांनी गाणी वाजवली. पुढे हाच चमू ‘आर.ई.एम.’ या नावाने ओळखला गेला आणि ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ या प्रवाहाच्या उगमस्थानांपैकी एक ठरला. त्याआधी काही दिवस, मार्चच्या अखेरीस, लंडनच्या पंक लाटेतून वर आलेला ‘द पोलीस’ हा बँड मुंबईत वाजवून गेला होता. त्या काळी जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे लोकसंख्येने अथेन्सपेक्षा कितीतरी मोठी होती. दोन्हीकडे महाविद्यालये होती, अस्वस्थ तरुण होते. मग असा बँड अथेन्समध्ये का झाला, जळगावात का नाही? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
प्रथम पंक म्हणजे काय, ते पाहणे इष्ट. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत श्रीमंत झाले होते. मोठी मैदाने, ट्रकभर यंत्रसामग्री, वीस-वीस मिनिटांच्या वादनलीला. सामान्य पोराने ऐकावे, वाजवण्याचे धाडस करू नये, अशी ती अवस्था. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ने एप्रिल १९७६ मध्ये आपल्या पहिल्या अल्बममधून दोन-दोन मिनिटांची धडाक्याची गाणी दिली. लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ आणि ‘द क्लॅश’ पुढे आले. १९७७ च्या आरंभी एका हौशी इंग्रजी पत्रिकेने गिटारवरील तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि एवढ्यावर बँड काढा, असे वाचकांना सांगितले. पंकचा सगळा जाहीरनामा त्या एका पानात मावतो.

३/
या जाहीरनाम्यात तीन मागण्या होत्या. एक : मंच कोणाच्याही मालकीचा नाही, ज्याला बोलायचे आहे त्याने चढावे. दोन : मोठ्या कंपनीची वाट पाहू नका, रेकॉर्ड स्वतः काढा, पत्रक स्वतः छापा, स्वतः विका. तीन : आपल्या वस्तीचे, आपल्या बोलीतले, आपल्या रागाचे गाणे गा. गिटार हे साधन होते. मूळ मुद्दा अधिकाराचा होता. खान्देशाचा शोध घेताना गिटार शोधावी की या तीन मागण्या शोधाव्यात, यावर उत्तर अवलंबून आहे.

४/
अमेरिकेत १९८० च्या दशकात हे बीज लहान गावांत रुजले ते आपोआप नव्हे. विद्यापीठांची स्वतःची रेडिओ केंद्रे होती. तिथे विद्यार्थीच निवेदक आणि तेच गाणी निवडणारे. कॅलिफोर्नियातील ‘ब्लॅक फ्लॅग’ या बँडच्या गिटारवादकाने ‘एसएसटी’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी चालवली. मिनियापोलिसच्या ‘हुस्कर डू’ सारखे बँड जुन्या व्हॅनमधून गावोगाव फिरत. आर.ई.एम.ची पहिली तबकडी १९८१ मध्ये ‘हिब-टोन’ या अगदी छोट्या कंपनीने काढली आणि ती विद्यापीठ रेडिओवरून कानोकानी गेली. पुढे त्यांना करारबद्ध करणारी ‘आय.आर.एस.’ ही कंपनी माइल्स कोपलंड यांची. ‘द पोलीस’चे व्यवस्थापक तेच, आणि त्या बँडचा ड्रमवादक त्यांचा भाऊ. प्रतिभेमागे अशी साखळी उभी होती.

५/
खान्देशात ही साखळी पहिल्याच कडीशी तुटत होती. भारतात ध्वनिलहरींवर सरकारची मक्तेदारी होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या काळात, १९५० च्या दशकात, आकाशवाणीने चित्रपटगीतांनाही दूर ठेवले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून त्यांना परत आणावे लागले. रेडिओसंच बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात संपली. जळगावला आकाशवाणीचे केंद्र होते आणि शेतकऱ्यांसाठी, लोकगीतांसाठी त्याने मोलाचे काम केले. मात्र मू. जे. महाविद्यालयातील किंवा अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना स्वतःचे केंद्र चालवण्याची कायद्याने मुभाच नव्हती.

६/
ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट २००२-०३ च्या सुमारास मोकळी झाली. स्वयंसेवी संस्थांना २००६ मध्ये. म्हणजे अथेन्सच्या विद्यार्थ्याला १९८० मध्ये जे सहज हाती होते, ते जळगावच्या विद्यार्थ्याला मिळण्याची शक्यता दोन दशकांनंतर निर्माण झाली. एका पिढीचे तारुण्य एवढ्या अवधीत सरते.

७/
दुसरी कडी वाद्यांची. परदेशी वस्तूंवरील निर्बंध आणि जबर आयातशुल्क यांमुळे परदेशी इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर ही जहाजावरून किंवा आखातातून परतणाऱ्या नातलगाच्या सामानातून येणारी चीज होती. देशी गिटारी कोलकात्यात बनत. रॉकच्या वाद्यमेळाला जवळचे एक ठिकाण खान्देशात होते : भुसावळ. जंक्शनमुळे तेथे अँग्लो-इंडियन रेल्वे कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि अशा वस्त्यांत पाश्चात्त्य नृत्यसंगीत घरचेच होते. स्वातंत्र्यानंतर यातील बहुसंख्य कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघून गेली. गिटार वाजवणारी पिढी ऐंशीच्या दशकापूर्वीच स्टेशन सोडून गेली होती.

८/
मुंबईत मात्र साखळीच्या बऱ्याच कड्या होत्या. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ स्थापन झाला. इतरांची गाणी हुबेहूब वाजवणे हेच तोवर भारतीय बँडचे भूषण मानले जाई. या बँडने स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला. त्यांचा पहिला अल्बम १९८८ मध्ये, दुसरा १९९० मध्ये आला. १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावचे खुले नाट्यगृह ‘रंगभवन’ हे या पिढीचे माहेरघर. संगीत हार्ड रॉक वळणाचे होते, पंक नव्हे. भाषा इंग्रजी, आणि श्रोते बहुतांशी दक्षिण मुंबईच्या महाविद्यालयांतले. महाराष्ट्राच्या राजधानीतला हा आवाज कसारा घाट ओलांडून क्वचितच पलीकडे गेला.

९/
पंकची दुसरी मागणी, म्हणजे स्वतः काढा आणि स्वतः विका, अक्षरशः पाळली ती गोव्यातील शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी. कंपन्यांनी दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी घरच्या घरी ध्वनिमुद्रण केले, वाद्ये स्वतः वाजवली आणि १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट काढली. स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून ती स्वतः पोहोचवली. पाठोपाठ आणखी कॅसेट आल्या आणि मग कंपन्या दारात आल्या. संगीताचा बाज पंकचा नव्हता, तरी त्या लाटेची कार्यपद्धती भारतात इतक्या शुद्ध रूपात क्वचितच दिसली. यात गिटारीइतकेच श्रेय एका लहानशा प्लास्टिकच्या डबीचे होते.

१०/
त्या डबीने, म्हणजे कॅसेटने, ऐंशीच्या दशकात भारतीय संगीताचे अर्थकारण उलटे केले. तबकडी छापायला कारखाना लागे आणि तो मोजक्या कंपन्यांकडे होता. कॅसेट खोलीभर जागेत भरता येई. फीत ३.८ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, दोन्ही बाजू मिळून ६० किंवा ९० मिनिटे. शेकड्यांत खप झाला तरी खर्च भरून निघे. त्यामुळे ज्या बोलींसाठी मोठ्या कंपन्यांनी तबकडी क्वचितच काढली असती, त्यांना प्रथमच बाजार मिळाला. इंग्लंडमध्ये पंकने जी कोंडी फोडली, ती भारतात कॅसेटने फोडली. आत शिरलेले संगीत मात्र वेगळे होते.

११/
महाराष्ट्रात या वाटेने आधी भीमगीते आणि लोकगीते आली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते वस्त्यावस्त्यांत तोंडपाठ होतीच. प्रल्हाद शिंदे, आणि नंतर आनंद व मिलिंद शिंदे, यांचे आवाज कॅसेटमुळे एसटी स्टँडवर, पानटपरीवर, ट्रकच्या केबिनमध्ये घुमू लागले. धुळे शहर मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर या दोन महामार्गांच्या चौकात वसलेले असल्याने तिथे ट्रकबरोबर कॅसेटही मुक्कामाला येत. अहिराणीतील लग्नगीते, कानबाईची गाणी आणि विनोदी संवाद यांच्याही कॅसेट निघू लागल्या. शाळेत बोलले तर छडी मिळावी, अशी ही बोली आता दुकानात पैसे देऊन विकत घेतली जात होती. तिसरी मागणी, आपल्या बोलीत गा, अशी पुरी झाली.

१२/
हौशी पत्रिकांची गोष्ट याहून जुनी. पंकच्या पत्रिका १९७६–७७ मध्ये निघाल्या. मराठीत ‘शब्द’ हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक १९५० च्या दशकातच निघाले होते, आणि साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. या लघुअनियतकालिकांच्या चळवळीत ‘वाचा’चे नाव ठळक आहे. ते चालवणारे भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे, म्हणजे अस्सल खान्देशी. प्रस्थापित प्रकाशक आणि मासिके यांना वळसा घालून, जमेल त्या कागदावर, जमेल तेव्हा छापायचे, हे तंत्र खान्देशच्या या लेकाला लंडनकडून शिकावे लागले नाही.

१३/
राहिली पहिली मागणी : मंच. तिचा शोध शहाद्याला जातो. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; १ जुलै १९९८ पूर्वी तो धुळे जिल्ह्याचा भाग होता. तेथील भिल्ल आदिवासींच्या जमिनी सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या हाती गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने संघर्ष उभा राहिला आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. बायकांनी गावठी दारूची मडकी फोडली, सालदारांनी मजुरीचा हिशेब मागितला. या चळवळीत गाणे हे सभेच्या आधीचे मनोरंजन नव्हते; निरक्षर माणसाला कायदा, हक्क आणि धीर पोहोचवण्याचे ते साधन होते.

१४/
याच संघटनेतून कार्यकर्ता आणि कवी म्हणून वाहरू सोनवणे पुढे आले. १९८७ मध्ये त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा आशय असा की, आदिवासी मंचावर गेले नाहीत, त्यांना कोणी बोलावलेही नाही. त्यांना त्यांची जागा दाखवली गेली आणि मंचावर बसलेले लोक त्यांचेच दुःख त्यांना सांगत राहिले. ही तक्रार शत्रूविषयी नाही, हे लक्षात घ्यावे. ती सहानुभूतिदारांविषयी, खुद्द चळवळीतील पुढाऱ्यांविषयीही आहे. ‘माझ्या वतीने तू का बोलतोस?’ हा पंकच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याच दशकात धुळे जिल्ह्यात, गिटारीविना, मराठीत विचारला गेला.

१५/
याचा अर्थ शहाद्याची चळवळ पंक होती, असा कोणी काढू नये. पंकचे बहुसंख्य तरुण बेकारीने आणि कंटाळ्याने पेटलेले होते. शहाद्याच्या शेतमजुरापुढे प्रश्न जमिनीचा, मारहाणीचा आणि पोटाचा होता. पंकमध्ये पोशाख, छायाचित्र, बाजार यांचाही मोठा वाटा होता. शहाद्याच्या लढ्याला तशी चैन परवडणारी नव्हती. साम्य आहे ते एकाच ठिकाणी : बोलण्याचा अधिकार वरून मिळण्याची वाट न पाहण्यात. तुलना तेवढ्यापुरतीच धरावी.

१६/
उपखंडातील माणसे आणि पंक यांची थेट गाठ पडली तीही अशाच प्रश्नावर. ब्रिटनमध्ये वर्णद्वेषी संघटना फोफावत असताना १९७६ मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही मोहीम उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात तिच्या मेळाव्यात ‘द क्लॅश’ने वाजवले. १९७८ मध्येच मार्गारेट थॅचर यांनी परक्या संस्कृतीच्या लोकांनी देश भरून जाईल अशी भीती लोकांना वाटते, असे विधान केले. त्यावरच बोट ठेवत पाकिस्तानी वंशाच्या लंडनमधील तरुणांनी १९७९ मध्ये आपल्या बँडचे नाव ‘एलियन कल्चर’ ठेवले. पंक रुजायला गिटारीआधी अपमान लागतो, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. अपमानाची खान्देशात कमतरता नव्हती; इतर सामग्रीची होती.

१७/
खान्देशात रात्री गल्ली हादरवणारा मोठा आवाज त्या काळी एकाच चमूकडे होता : लग्नाचा बँड. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम ही सारी लष्करी वाद्ये. त्यांचा मोठा पुरवठा मेरठच्या जली कोठी भागातून होई. ही वाजवणारी माणसे देशभर बहुधा दलित आणि मुस्लिम समाजांतली. त्यांच्या तालावर वरात नाचे, पण पंगतीत त्यांना शेवटी बसवले जाई. रॉकच्या आठवणी लिहिल्या जातात तेव्हा ‘बँड’ या शब्दाचा हा अर्थ कोणी धरत नाही. ऐंशीच्या दशकात जळगाव-धुळ्यातला तरुण ‘बँड’ म्हणाला, तर त्याच्या डोळ्यापुढे झिरमिळ्यांचा गणवेश यायचा.

१८/
पुढे काय झाले? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन अशाच संस्थांच्या कुशीत होते. २००३ पासून तिथले रॉकचे कार्यक्रम थांबले. रुग्णाच्या झोपेचा हक्क मोठा आहे यात वाद नाही, परंतु त्या बदल्यात तरुणांना दुसरी परवडणारी जागा कोणी दिली नाही. आज मराठी वाचकाला ‘रंगभवनची गल्ली’ आठवते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या बलिदानामुळे. तिथे कधी गिटारी वाजत, ही आठवण त्या दुःखाखाली दबून गेली.

१९/
जुन्या बँडांच्या बातम्या मात्र थांबत नाहीत. १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलेला रॉक मशीन १९९७ मध्ये विखुरला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये नवा अल्बम घेऊन आला. आर.ई.एम. २०११ मध्ये थांबला. जून २०२४ मध्ये एका सन्मान सोहळ्यात चौघे पुन्हा एकदा एका गाण्यापुरते एकत्र आले आणि जगभर चाहत्यांचे डोळे पाणावले. स्मरणरंजन हे असे दस्तऐवजावर जगते. तबकडी आहे, छायाचित्र आहे, पत्रिका जपलेली आहे, म्हणून आठवण आहे. ज्यांच्याजवळ यातले काही उरले नाही, त्यांचे तारुण्य इतिहासात घडलेच नाही, असे पुढच्या पिढीला वाटू शकते.

२०/
म्हणून खरा धोका विस्मृतीचा आहे. कॅसेटची फीत अमर नसते. प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेला चुंबकीय कणांचा थर उष्णतेने आणि दमट हवेने सैल होत जातो, आवाज बसतो, शेवटी फीत यंत्रात गुंडाळून तुटते. जळगाव-भुसावळचा ४५ अंशांपर्यंत चढणारा उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा अशा चाळीस वेळा सोसलेल्या फिती आज माळ्यावरच्या पेट्यांत आहेत. अडचण कायद्याचीही आहे : ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. १९८५ ची कॅसेट २०४५ च्या अखेरीस मुक्त होईल. तोवर फीत टिकेल याची हमी नाही, आणि ती काढणारा छोटा उत्पादक कुठे आहे याचा पत्ता नाही.

२१/
धुळ्याला या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून, रद्दीच्या ढिगांतून कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड सिद्ध केले. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच निवर्तले आणि त्यांचा वारसा जपण्यासाठी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या काळी लोक मोडी कागदांची किंमत रद्दीच्या भावाने करीत. आज अहिराणी लग्नगीतांची कॅसेट, चळवळीतील सभेचे ध्वनिमुद्रण, बँडपथकाची जुनी पावती किंवा सायक्लोस्टाइल पत्रक यांचे मोल तसेच केले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील खान्देशाची साधने याच पेट्यांत आहेत.

२२/
आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. जळगावला आर.ई.एम. झाला नाही, रेडिओ सरकारचा होता, वाद्ये बंदरावर अडत होती आणि वाजवायला जागा नव्हती. पंकने मागितलेल्या तिन्ही गोष्टी मात्र खान्देशात सुट्या सुट्या उगवल्या : पत्रिका नेमाड्यांच्या पिढीने काढली, बोली कॅसेटवाल्यांनी बाजारात आणली, मंचाचा प्रश्न शहाद्याच्या कवीने विचारला. त्या एकत्र आल्या नाहीत, कारण त्यांच्यामध्ये जातीची, वर्गाची आणि शाळेची अंतरे होती. आज ‘हाई झुमकावाली पोर’ सारखे अहिराणी गाणे मोबाइलवरून कोट्यवधी वेळा पाहिले जाते. त्या यशाची पूर्वपीठिका माळ्यावरच्या पेट्यांत आहे. ज्यांच्या घरी त्या आहेत, त्यांनी उन्हाळ्याआधी उतरवून निदान एकदा वाजवून, नक्कल करून ठेवाव्यात.

(समाप्त)